आधी सुकवा, मग सांधा : जुन्या फायबर होडीला नवं आयुष्य

मे संपत आला की कोकणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात. माडांच्या सावलीत, झावळ्यांच्या मांडवाखाली नाहीतर निळ्या ताडपत्रीखाली त्या पावसाळा काढतात. ऑगस्टमध्ये मासेमारीच्या होड्या पुन्हा खाली जातात, पावसाळा सरल्यावर पर्यटकांच्या. पण प्रत्येक वाडीत एखादी होडी अशी असते की ती जाग्यावरच राहते. मशीन विकलेलं असतं, तळाशी पावसाचं पाणी आणि कुजका पाला साचलेला असतो, आणि मालक सांगतो, "न्यायची तर ने."

अशी एक अठरा फुटी फायबर होडी मी काही वर्षांपूर्वी घेतली. वरून ती धडधाकट दिसत होती. मी ती धुतली, भेगा पुट्टीने बुजवल्या, दोन हात रंग दिला आणि मागच्या फळीवर चाळीस हॉर्सपॉवरचं मशीन बसवलं. दुसऱ्याच महिन्यात खाडीच्या तोंडाशी लाटेवर होडी आपटली आणि मशीन मागच्या मागे कललं. फळीला आडवी चीर गेली होती आणि चिरेतून चहासारखं तपकिरी पाणी गळत होतं. होडीत माझ्यासोबत माझा धाकटा भाऊ होता. मशीन दोराने बांधून, अगदी हळू, आम्ही किनारा गाठला. आमच्या वाडीतल्या एका जुन्या कारागिराने ती फळी पाहिली आणि एवढंच म्हटलं, "भायल्यान काय दिसता ता सोड. भितर काय आसा ता बघ."

हा लेख त्या एका वाक्यावर उभा आहे. फायबर सहसा कुजत नाही. कुजतं ते त्याच्या पोटात दडलेलं लाकूड, आणि ते कुजतं पाण्यामुळे. म्हणून जुन्या होडीची दुरुस्ती रंगापासून सुरू होत नाही. ती उघडण्यापासून आणि सुकवण्यापासून सुरू होते.

घेण्याआधी ठोकून बघा

एक छोटी प्लॅस्टिकची हातोडी किंवा जड नाणं घ्या आणि होडी इंचाइंचाने ठोकत जा. जिथे थर एकमेकांना घट्ट धरून आहेत, तिथे टणक, खणखणीत आवाज येतो. जिथे थर सुटलेत किंवा आतलं लाकूड भिजलंय, तिथे आवाज बसका, मेल्यासारखा येतो. अशा प्रत्येक जागेभोवती खडूने गोल करा. तपासणी संपेपर्यंत दुरुस्तीचा नकाशाच होडीवर उतरलेला असेल.

मग या पाच गोष्टी नीट बघा.

पहिली जागा ट्रान्सम, म्हणजे मशीन लागतं ती मागची फळी. मशीन बसवलेलं असेल तर त्याचा खालचा भाग धरून वर-खाली दाबा आणि दुसऱ्याला फळीकडे बघायला सांगा. फळी जराही लवली तर आतलं लाकूड गेलेलं आहे असंच धरा. मशीन नसेल तर आतल्या बाजूने, अगदी खाली, बारीक ड्रिलने एक-दोन भोकं पाडा. भुसा कोरडा आणि पिवळसर आला तर ठीक. काळा, ओला आणि कुबट वासाचा आला तर फळी बदलावी लागेल. मालकाची परवानगी घेऊनच हे करा आणि भोकं लगेच बुजवा.

दुसरी जागा डेक. अनवाणी चाला. पायाखाली डेक दबतो तिथे खालचं प्लाय संपलेलं आहे.

तिसरी जागा तळाचा कणा आणि नाळेचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाचा, खालचा भाग. होडी रोज वाळूवर ओढली जाते तिथे जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, झिजून काचेचे धागे उघडे पडतात. वात तेल ओढून घेते तसे हे उघडे धागे पाणी आत ओढतात.

चौथी गोष्ट भेगा. एखाद्या ठिकाणाहून कोळ्याच्या जाळ्यासारख्या फाकलेल्या बारीक रेषा बहुधा वरच्या जेलकोटमधल्याच असतात. पण एकाच दिशेने समांतर गेलेल्या भेगा दिसल्या तर तो भाग सतत लवतो आहे, म्हणजे आतले आधार सैल झालेत.

पाचवी गोष्ट फोड. पाण्यात सतत नांगरून ठेवलेल्या होड्यांच्या तळाला वाटाण्याएवढे फोड येतात. एखादा फोडून पाहा. आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी आलं तर जेलकोटमागे पाणी शिरून रेझिनचं विघटन सुरू झालं आहे. रोज किनाऱ्यावर येणाऱ्या होड्यांत हा त्रास कमी दिसतो.

ट्रान्सम, डेक आणि आतले आधार असं सगळंच गेलेलं असेल आणि सांगाडाही वाकडा झाला असेल, तर ती होडी सोडून द्या. एवढा खर्च आणि वेळ चांगल्या सांगाड्यावर घालावा.

कामाचं पंचांग

आपल्याकडे एक पेच आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होडी मोकळी असते ती नेमकी तेव्हा, आणि हवेत सगळ्यात जास्त ओल असते तीही तेव्हाच. घाईघाईने जुलैत काचेच्या धाग्यांची मॅट चढवली जाते, आणि ओल थराच्या आत कोंडली जाते. तो थर पुढे सुटतो.

म्हणून काम दोन भागांत वाटा. पावसाळ्यात तोडफोडीचं काम करा : पक्कं छप्पर घाला, डेक उघडा, कुजकं लाकूड काढा, साचे घ्या, मशीन दुरुस्त करा, वायरिंग काढा, माल आणून ठेवा. थर चढवण्याचं काम ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मार्च-एप्रिलमध्ये करा. ज्यांना ऑगस्टमध्येच समुद्रात जायचं आहे, त्यांनी मोठी दुरुस्ती उन्हाळ्यात, होडी लवकर वर घेऊन, उरकावी. काही आठवड्यांची कमाई बुडते, पण होडी वाचते.

सुकली की नाही हे कसं ओळखायचं? साधारण फूटभर लांबी-रुंदीचा स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा घासलेल्या भागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि तापत्या दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवा. आतून दव धरलं तर ओल अजून आहे. खाऱ्या पाण्यातल्या होडीला आधी गोड्या पाण्याने अनेकदा धुवावं लागतं, कारण मीठ उरलं तर ते हवेतली ओल पुन्हा ओढून घेतं. माझी होडी धुऊन सुकवायला सात आठवडे लागले. ते सात आठवडे मी वाया गेलेले मानत नाही. सगळ्या दुरुस्तीतलं सर्वांत महत्त्वाचं काम तेव्हाच झालं.

अगदीच पावसाळ्यात थर द्यायचा असेल तर बंद शेड, हॅलोजनचे दिवे आणि हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर हवं. आर्द्रता 75–80 टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी रेझिनचा डबा उघडू नका. मॅटचा रोल नेहमी हवाबंद पिशवीत ठेवा. ओल धरलेली मॅट रेझिन नीट पीत नाही, आणि थर पांढरट, धुरकट राहतो.

रेझिन, मॅट आणि तुमचे डोळे

आपल्याकडच्या बहुतेक होड्या पॉलिएस्टर रेझिन आणि काचेच्या मॅटच्या बनलेल्या असतात. दुकानात साधं रेझिन आणि आयसोफ्थॅलिक रेझिन असे दोन प्रकार मिळतात. पाण्याखालच्या भागाला आयसोफ्थॅलिक घ्या, ते पाण्याला जास्त टिकतं. जुन्या फायबरला किंवा लाकडाला नवीन थर चिकटवायचा असेल तर इपॉक्सीची पकड पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी चांगली. ते महाग पडतं, पण ट्रान्समसाठी मी तेच सुचवतो.

दोन्ही एकत्र वापरताना एक नियम पाळा. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चालतं, इपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा जेलकोट भरवशाने धरत नाही. म्हणजे इपॉक्सीने दुरुस्त केलेल्या भागावर शेवटी दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंगच द्या. आणखी एक : साध्या तुकडा-मॅटमधले धागे ज्या गोंदाने धरलेले असतात, तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. म्हणून इपॉक्सीसोबत विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या.

मालाचा हिशेब सोपा आहे. चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर पक्का झाल्यावर साधारण 1 मिलिमीटर जाडीचा होतो. मॅटच्या वजनाच्या सव्वादोन पट रेझिन लागतं, रोव्हिंगला, म्हणजे जाड विणलेल्या काचेच्या कापडाला, जवळपास तिच्या वजनाइतकं. दीड चौरस मीटर जागेवर 450 च्या मॅटचे चार थर द्यायचे असतील तर मॅट 2.7 किलो आणि रेझिन साधारण 6 किलो. रेझिन जास्त ओतलं म्हणजे मजबुती वाढत नाही. ताकद काचेची असते, रेझिन तिला फक्त धरून ठेवतं. रेझिनने थबथबलेला थर ठिसूळ होतो.

पॉलिएस्टरमध्ये हार्डनर रेझिनच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के, म्हणजे किलोला 10 ते 20 ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून घाला. उन्हाळ्यात 1 टक्क्याच्या जवळ राहा. त्याहून कमी घातलं तर रेझिन कधीच पूर्ण पिकत नाही. एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त मिसळू नका, डब्यात साठलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागतं. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा.

आता सुरक्षेच्या गोष्टी. त्या मी कळकळीने सांगतो.

- हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर पिकवणारा द्रव) एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. भडका किंवा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. शक्य असेल तर कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन विकत घ्या.
- हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. संरक्षक चष्मा लावल्याशिवाय एकही डबा उघडू नका. गेलाच तर लगेच स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटं डोळा धूत राहा आणि तडक डॉक्टरकडे जा.
- घासताना एन-95 किंवा त्याहून चांगला मास्क हवा. रेझिनच्या वाफेला तो पुरत नाही, तिथे कार्ट्रिजचा मास्क लागतो.
- पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि काम झाल्यावर थंड पाण्याने अंघोळ करा.
- घासलेली धूळ ताडपत्रीवर गोळा करून पोत्यात भरा. ती वाळूत आणि पाण्यात जाऊ देऊ नका.

तोडण्याआधी टेकू

डेक आणि आतले लांबट आधार काढले की होडीचा सांगाडा मऊ होतो. त्या अवस्थेत ती जशी टेकलेली असेल, तसाच तिचा आकार पक्का होतो. तळ जरासा जरी आत-बाहेर झाला तरी होडी पुढे वेग धरत नाही, नाक आपटत चालते. म्हणून आधी कण्याखाली सलग फळी द्या, दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन ठिकाणी गाद्यांचे टेकू लावा आणि रुंदी मोजून आडव्या पट्ट्या ठोका. आतले आधार सगळे एकदम काढू नका. एका बाजूचे बदला, ते पक्के होऊ द्या, मग दुसऱ्या बाजूचे घ्या.

प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. कुजका तुकडासुद्धा फेकण्याआधी त्याचा पुठ्ठ्यावर साचा काढून घ्या. मशीनच्या बोल्टांच्या जागा आणि फळीची उंची लिहून ठेवा. हे करायला विसरलो तर पुढे दोन दिवस नुसते अंदाज बांधण्यात जातात.

मागची फळी : होडीचा जीव

ट्रान्सम आतल्या बाजूने बदलणं बरं. बाहेरचं फायबर आणि जेलकोट तसंच राहतं, आकार बिघडत नाही.

आतला फायबरचा पापुद्रा ग्राइंडरने कडेपासून दोन-तीन इंच आत कापून काढा. कुजकं लाकूड पटाशीने खरवडून काढा, कोपऱ्यातलं बोटभरसुद्धा सोडू नका. मग बाहेरच्या पापुद्र्याची आतली बाजू 36 किंवा 40 नंबरच्या डिस्कने घासा. घासण्याआधी ती थिनरने पुसून घ्या. उलटं केलं तर मेण आणि तेल घासण्याने आतच रुततं. यानंतर थांबा. सुकू द्या. प्लॅस्टिकची परीक्षा करा.

नवीन गाभ्यासाठी आयएस 710 छाप असलेलं मरीन प्लाय घ्या. चाळीस हॉर्सपॉवरपर्यंतच्या मशीनला साधारण 36 ते 38 मिलिमीटर जाडी लागते, म्हणजे 18 मिलिमीटरचे दोन तुकडे. जुनी फळी त्याहून जाड असेल तर तिच्याच जाडीची द्या. दोन्ही तुकडे सगळ्या बाजूंनी, विशेषतः कापलेल्या कडांना, पातळ इपॉक्सी पाजा. कडेतूनच प्लाय पाणी पितं. ते ओलसर असतानाच सिलिका पावडर घालून लोण्याइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी दातेरी पत्र्याने पसरा आणि तुकडे बाहेरच्या पापुद्र्याला चिकटवून शिकंजे लावा. शिकंजे बेताने आवळा, कडेने थोडं इपॉक्सी बाहेर आलं की पुरे. जास्त आवळलं तर सांध्यात धरायला काहीच उरत नाही.

फळी आणि होडीच्या बाजू जिथे काटकोनात मिळतात, तिथे घट्ट इपॉक्सीने चमच्याच्या पाठीने गोलाई द्या. काचेचं कापड तीव्र कोपऱ्यात बसत नाही, तिथे हवा राहते आणि चीर तिथूनच सुरू होते. मग थर चढवा : पहिला थर बाजूंवर आणि तळावर 10 सेंटिमीटर जाईल असा, दुसरा 15, तिसरा 20. हे पंखच मशीनची ओढ सगळ्या होडीत वाटून देतात. नुसती जाड फळी हे काम करू शकत नाही. प्रत्येक थरातली हवा लोखंडी दातेरी रोलरने काढा.

शेवटी भोकं. मशीनचे बोल्ट, खालचं बूच, पंपाचा नळ : पाणी पुन्हा आत शिरतं ते इथूनच. माझ्या होडीची जुनी फळीही बुचाच्या भोकापासूनच कुजायला लागली होती. म्हणून 12 मिलिमीटरच्या बोल्टासाठी आधी 20 चं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, पक्कं झाल्यावर मधोमध 12 चं भोक पाडा. आता बोल्टाभोवती इपॉक्सीची नळी तयार झाली. सील पुढे कधी सुटलं तरी लाकडाला पाणी लागणार नाही. बोल्ट 316 ग्रेडचे स्टेनलेस स्टीलचे, आणि सील पॉलियुरेथेनचं. घरातला सिलिकॉन इथे चालत नाही.

तळाची भोकं आणि झिजलेला कणा

भोक बुजवताना बहुतेक जण भोकाएवढाच तुकडा ठेवतात. तो बुचासारखा बसतो आणि बुचासारखाच निघतो. खरी ताकद उतारात आहे. जाडीच्या बारापट लांब उतार घासा. तळ 6 मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या कडेपासून चहूबाजूंना 72 मिलिमीटरपर्यंत बशीसारखा उतार हवा. आतून मेण लावलेला सनमायकाचा तुकडा टेकवा, बाहेरून थर द्या. पहिला तुकडा सर्वांत मोठा, मग लहान होत जाणारे. पक्कं झाल्यावर सनमायका काढून आतून आणखी एक-दोन थर द्या.

मोटारगाडीच्या डेंटिंगची पुट्टी पाण्याखाली कधीही वापरू नका. ती पाणी धरते.

कण्यासाठी उघडे धागे निरोगी फायबर दिसेपर्यंत घासा, गोड्या पाण्याने धुवा, सुकवा आणि मॅट-रोव्हिंग-मॅट असे थर द्या. खालचा थर सर्वांत रुंद. वाळूवर ओढायच्या होडीला दोन थर जास्तच द्या. कण्यावर स्टीलची पट्टी स्क्रूने ठोकण्याची पद्धत आहे, पण प्रत्येक स्क्रू तळाला एक नवीन भोक पाडतो. त्यापेक्षा जादा थर द्यावेत आणि दर दोन-तीन वर्षांनी झीज भरावी.

डेकखालचा फोम : काढला तर परत भरा

बऱ्याच होड्यांत डेकखाली ओतलेला पिवळा फोम असतो. सुरीने एक तुकडा कापून मुठीत दाबा. पाणी निघालं तर सगळा फोम काढावा लागेल. अशा फोममध्ये शेकडो किलो पाणी साचलेलं असू शकतं, आणि होडी का मंद झाली याचं उत्तर तिथेच सापडतं.

पण फोम काढून जागा रिकामी सोडू नका. लाकडी होडी पाण्याने भरली तरी तरंगत राहते, लाकूडच तिला धरतं. फायबर पाण्याहून जड आहे. भरलेली फायबर होडी मशीनसकट तळाला जाते. ढोबळ हिशेब असा : 400 किलो फायबर पाण्याखाली साधारण 130 किलोचा भार देतं. मशीनचे 75, बॅटरीचे 20 धरले तर सव्वादोनशे किलो झाले. एक लिटर फोम जवळपास एक किलो उचलतो. म्हणजे किमान 250 ते 300 लिटर फोम हवा, आणि धरून राहिलेल्या माणसांसाठी त्याहून जास्त. बंद पेशींच्या फोमचे ठोकळे कापून घट्ट बसवा, त्यांच्याखाली पाणी मागे वाहून जायला वाट ठेवा. थोडा फोम नाळेकडे, बाकीचा दोन्ही बाजूंना उंचावर द्या, म्हणजे भरलेली होडी उलटी न होता सरळ राहील.

बदल करताना : वजन कुठे जातंय?

जुनी होडी नवी करताना मोह होतोच. मोठं मशीन, छप्पर, जास्त बाकं. प्रत्येक बदलाआधी एकच प्रश्न विचारा : हे वजन किती, आणि ते कुठे जाणार?

जुन्या दोन-स्ट्रोक मशीनच्या जागी तेवढ्याच ताकदीचं चार-स्ट्रोक लावलं तर इंधन वाचतं, धूर कमी होतो, पण चाळीस हॉर्सपॉवरला मागे साधारण 20 ते 25 किलो वाढतात. होडीची मागची बाजू खाली बसते आणि डेकवरचं पाणी बाहेर टाकणारी भोकं पाण्याच्या पातळीखाली जाऊ शकतात. मग तीच भोकं पाणी आत घेतात. अशा वेळी बॅटरी आणि इंधनाची टाकी पुढे सरकवा.

मशीनच्या दांड्याची लांबी फळीशी जुळली पाहिजे. आखूड दांड्याला 15 इंच उंचीची फळी लागते, लांब दांड्याला 20 इंच. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली असावी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, फार खाली गेली तर मशीन पाणी फाडत चालतं आणि इंधन खातं.

छप्पर घालायचं तर हलकं, ॲल्युमिनियमच्या पाइपांवर कापडाचं. फायबरचं जड छप्पर आणि त्यावर सामान ठेवायची सवय, दोन्ही होडीचा तोल बिघडवतात. उंचावरचं वजन होडी कलली की तिला आणखी कलवतं.

प्रवाशांच्या होडीत बदल केल्यावर माणसं बसवण्याआधी वाळूची पोती बसवून पाहा. प्रत्येक माणसाचे 75 किलो धरा. सहा माणसांची 450 किलो पोती ठेवा आणि कठड्यापासून पाण्यापर्यंत किती उंची उरली ते मोजा. मग सगळी पोती एका बाजूला हलवा. देखावा दिसला की पर्यटक असेच एका कडेला धावतात. त्या अवस्थेत कठडा पाण्याच्या जवळ येत असेल तर माणसं कमी करा. वाळूने दिलेला इशारा फुकट असतो.

वायर, इंधन, मशीन

वायर कल्हई केलेल्या तांब्याचीच घ्या. साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात असावा. पाणी उपसणारा पंप मुख्य स्विचमधून न नेता वेगळ्या फ्यूजने थेट बॅटरीला जोडा, म्हणजे सगळं बंद करून घरी गेलात तरी तो चालू होईल. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि उंचावर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, एवढे दिवे रात्रीच्या प्रवासाला हवेतच.

पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि तळाशी साचते. सुटी टाकी होडीबाहेर काढूनच भरा. टाकी बंद कप्प्यात असेल तर वारा खेळण्याची सोय करा, आणि मशीन सुरू करण्याआधी कप्पा उघडून वास घ्या.

मशीनच्या बाबतीत तीन सवयी पुरेशा आहेत : दरवेळी गोड्या पाण्याने धुणं, मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा दर हंगामाला बदलणं आणि गिअरचं तेल तपासणं. तेल दुधाळ दिसलं तर सील गेलेलं आहे. गंजापासून वाचवणाऱ्या जस्ताच्या तुकड्यावर रंग लावू नका. रंगाखाली तो काम करत नाही.

कागद

होडीची लांबी, मशीनची ताकद किंवा प्रवाशांची संख्या बदलत असेल तर काम सुरू करण्याआधीच विचारणा करा. मासेमारीच्या होडीसाठी मत्स्यव्यवसाय विभाग, प्रवासी आणि पर्यटनाच्या होडीसाठी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचं बंदर कार्यालय, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स खातं. दुरुस्तीचे फोटो आणि मालाची बिलं जपून ठेवा. तपासणी करणाऱ्याला रंगाखाली काय आहे ते दाखवायला तेवढाच पुरावा असतो.

पाण्यात उतरवताना

पहिल्या दिवशी होडी घेऊन लांब जाऊ नका. भरतीला, शांत खाडीत, किनाऱ्याजवळ नांगरा. बूच लावलंय ना ते हाताने तपासा. लाइफ जॅकेट, वल्हं, उपसायचा डबा आणि आग विझवायचा सिलिंडर होडीत ठेवा. मशीन मंद चालवून फळीकडे बघा, मग हळूहळू वेग वाढवा आणि पुन्हा बघा.

माझी होडी दुरुस्त होऊन पाण्यात उतरली, त्या संध्याकाळी मी ती रात्रभर पाण्यातच ठेवली. पहाटे भाऊ आणि मी गेलो, मागच्या तळाचं झाकण उघडलं आणि त्याने अंधारात आत हात घालून फळीच्या बुडाशी फिरवला. पहिल्या वेळी तपकिरी पाणी निघालं होतं ती हीच जागा. हात बाहेर काढून त्याने तो माझ्या गालाला लावला. कोरडा होता. तुमच्याही होडीची अशी एक रात्र पाण्यात काढा, आणि सकाळी आत हात घालूनच ठरवा की ती प्रवासाला तयार आहे की नाही.